पळस्पे ते मेयो: भुकेचा आणि जमिनीचा इतिहास

१८७९ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेला, पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर दौलतराव नाईकांच्या टोळीने छापे घातले आणि सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज नेला. घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. त्या चकमकीत दौलतराव गोळी लागून पडले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा कणा तिथेच मोडला. फडक्यांचे जन्मगाव शिरढोण पळस्प्याहून फार लांब नाही. त्यांचे आजोबा जवळच्याच कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. या छाप्यांच्या तीनच आठवडे आधी, २० एप्रिलला, आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात आयरिशटाउन नावाच्या खेड्यात हजारो कुळांची सभा भरली होती. जमीनदाराने खंड कमी करावा आणि थकबाकीसाठी कुळांना हुसकावू नये, एवढीच त्यांची मागणी होती. काही दिवसांतच त्या इस्टेटीवर खंडात पंचवीस टक्के सूट मिळाली. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, एकाच वसंत ऋतूत, पिकाच्या नाशातून आणि भुकेतून दोन उठाव उभे राहिले. एक पाच महिन्यांत संपला आणि दुसऱ्याने पुढच्या पंचवीस वर्षांत एका देशातली जमीनदारी मोडीत काढली. आयर्लंडचा इतिहास आपल्याकडे फाशी, तुरुंग आणि बंदुका यांच्या क्रमाने सांगितला जातो आणि फडक्यांचाही तसाच सांगितला जातो. माझे म्हणणे असे आहे की दोन्हीकडच्या दुःखाचे मूळ जमिनीच्या हक्कात होते. दोन्हीकडे टिकाऊ असे जे काही मिळाले, ते कसणाऱ्यांनी एकत्र राहून नकार दिल्यामुळे मिळाले.

आधी भुकेकडे पाहू. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवाने शेतातली आणि साठवणीतली पिके कुजवली, आणि पुढची काही वर्षे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे १० लाख माणसे भूक आणि साथीच्या तापाने मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. करपा तेव्हा युरोपातल्या इतर देशांतही पडला होता, पण इतका संहार कुठेच झाला नाही. याचे कारण आयर्लंडच्या जमिनीच्या रचनेत सापडते. चांगल्या जमिनीवरचे ओट, लोणी आणि गुरे खंड भागवण्यासाठी विकली जात. कुळाचे स्वतःचे पोट एका लहानशा तुकड्यावरच्या बटाट्यावर चालत असे, कारण इतक्या कमी जमिनीत कुटुंब जगवणारे दुसरे पीक नव्हते. पुष्कळ जमीनदार इंग्लंडात राहत आणि मधले मुखत्यार खंड गोळा करत. बटाटा गेला तेव्हा कुळाजवळ विकायलाही काही उरले नाही आणि विकत घ्यायलाही. धान्य देशाबाहेर जात होते म्हणूनच लोक मेले, असे सरसकट म्हटले तर ते पुरेसे नाही. १८४७ मध्ये बाहेरून आलेला मका बाहेर गेलेल्या धान्यापेक्षा जास्त होता. तो विकत घेण्याची ऐपत मात्र ज्यांना भूक होती त्यांच्यात नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दुष्काळांबद्दल जे सिद्ध केले, ते आयर्लंडला तंतोतंत लागू पडते: धान्याच्या साठ्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचा प्रश्न माणसाचा त्या धान्यावर हक्क पोचतो की नाही हा असतो.

सरकार काय करत होते? सुरुवातीला पील यांच्या सरकारने अमेरिकेतून मका आणला. १८४६ च्या उन्हाळ्यात रसेल यांचे सरकार आले आणि खजिन्याचे सहायक सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या हाती मदतीची सूत्रे एकवटली. बाजारात हात घालायचा नाही आणि फुकट खायला घालून लोकांना आळशी करायचे नाही, हे त्यांचे धोरण होते. रस्ते खोदण्याची, खडी फोडण्याची कामे काढली गेली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून अधिक उपाशी माणसे त्या कामांवर राबत होती, आणि अनेकांना मिळणारी मजुरी धान्याच्या भावापुढे तुटपुंजी पडत होती. त्याच उन्हाळ्यात सरकारने सूप वाटण्याची केंद्रे उघडली आणि ऐन भरात रोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न पोचवले. म्हणजे यंत्रणा होती आणि इच्छा झाली तर ती चालत होती. तरीही सप्टेंबरच्या सुमारास ती बंद केली गेली. त्याच वर्षीच्या कायद्यात एक कलम घातले होते: पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला मदत मिळणार नाही. खायला हवे असेल तर जमीन सोडा, हा त्याचा सरळ अर्थ होता. नंतरच्या वर्षांत जवळजवळ अडीच लाख माणसांना पोलिसांच्या नोंदीनुसार घराबाहेर काढण्यात आले आणि पुष्कळ ठिकाणी मागे छपरे पाडून टाकण्यात आली. दुष्काळ सरला तोवर जमिनीचा नकाशा बदलून गेला होता.

ट्रेव्हेल्यन यांची कारकीर्द हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत सुरू झाली होती आणि पुढे १८५९ मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले. ते गेल्यानंतरही त्यांची विचारसरणी इथे टिकली. १८७६ मध्ये दख्खनवर दुष्काळ पडला. सोलापूर, सातारा, पुणे, नगर, कलादगी हे जिल्हे होरपळले. कोकणात पाऊस झाला होता, त्यामुळे पनवेलकडच्या भातखाचरांवर ती वेळ आली नाही. पण घाटमाथ्यावर जे चालले होते ते खाली ठाऊक नव्हते असे नाही. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि बोरघाटाच्या पायथ्याची मोठी पेठ होती. व्हाइसरॉय लिटन यांनी रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या तपासणीवर पाठवले. याच टेंपल यांनी १८७४ मध्ये बंगाल-बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून जवळजवळ मनुष्यहानी होऊ दिली नव्हती, आणि त्यासाठी उधळपट्टीचा ठपका सोसला होता. या वेळी त्यांनी उलटे टोक गाठले. सरकारी कामावर दिवसभर राबणाऱ्या माणसाला रोज एक रत्तल धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा हिशेब त्यांनी मांडला. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या दरात काम करायला नकार दिला आणि कामाच्या जागा सोडून ते निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावचे वृत्तांत गोळा करून सरकारपुढे ठेवले. त्याच सुमारास हिंदुस्थानातून इंग्लंडला सुमारे ३ लाख २० हजार टन गहू गेला. देशभरात या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. टेंपल मात्र १८७७ मध्येच मुंबईचे गव्हर्नर झाले.

फडके तेव्हा पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी दुष्काळी मुलूख पायी पालथा घातला. बंडाचा निश्चय त्या पायपिटीत पक्का झाला. पुण्यातल्या सुशिक्षित आणि धनिक मंडळींकडे त्यांनी आधी मदत मागितली, पण ती मिळाली नाही. मग रामोशी, कोळी, धनगर यांच्यातून त्यांनी माणसे जमवली. २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला मोठा छापा घातला. एप्रिलपर्यंत ते स्वतःच निराश झाले होते. टोळीला लुटीची ओढ जास्त आहे आणि आपला मूळ हेतू मागे पडतो आहे, ही खंत घेऊन ते श्रीशैलला गेले. त्यांच्या शिरावर सरकारने इनाम लावले तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावल्याची हकीगत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ते गव्हर्नर म्हणजे एक रत्तलाचा हिशेब मांडणारे टेंपल, हे सांगताना बहुधा राहून जाते. जुलैमध्ये कलादगी जिल्ह्यात, देवर नावदगी येथे, फडके पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात गणेश वासुदेव जोशी यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, त्यांचा बचाव केला. जन्मठेपेवर एडनला पाठवलेले फडके १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच मरण पावले.

आता मेयोकडे. मायकेल डेव्हिट फडक्यांपेक्षा अवघ्या काही महिन्यांनी लहान. जन्म १८४६ चा, ऐन करप्यातला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला जमिनीवरून हुसकावण्यात आले आणि ते इंग्लंडमधल्या लँकेशायरला गेले. तिथल्या कापडगिरणीत अकराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. तरुणपणी तो गुप्त क्रांतिकारी संघटनेत शिरला, शस्त्रे जमवताना पकडला गेला आणि सात वर्षे तुरुंगात राहिला. १८७७ च्या शेवटी तो सुटला. १८७९ चे पावसाळी, पीकबुडीचे वर्ष उजाडले तेव्हा त्याच्यापुढे बंदूक पुन्हा हाती घेण्याचा मार्ग मोकळा होता. त्याऐवजी त्याने कुळांच्या सभा भरवल्या. ऑक्टोबरमध्ये डब्लिनला आयरिश नॅशनल लँड लीग स्थापन झाली आणि आयरिश खासदार पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. १८८० च्या शरद ऋतूत मेयोतल्याच लॉर्ड अर्न यांच्या इस्टेटीचे मुखत्यार कॅप्टन बॉयकॉट यांच्याशी सगळ्या परिसराने व्यवहार तोडले. शेतावर मजूर येईना, दुकानदार माल देईना, टपालवाला पत्र नेईना. उत्तरेकडून ५० मजूर आणून सुमारे हजार सैनिकांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. काही शे पौंडांचे ते पीक, आणि त्यावरचा खर्च त्याच्या अनेक पटींनी जास्त. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, वाजवी खंड आणि जमिनीवर राहण्याची हमी देणारा कायदा आला. १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जावर जमीन विकत घेण्याची वाट रुंद केली आणि काही वर्षांत आयर्लंडचा बहुतेक शेतकरी मालक झाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तुलना फडक्यांवर अन्याय करते. डेव्हिटच्या मागे ब्रिटिश संसदेतले आयरिश खासदार होते, अमेरिकेत गेलेल्या लाखो आयरिशांचा पैसा होता, वाचणारा शेतकरी होता. फडक्यांच्या मागे यातले काही नव्हते. आक्षेप बरोबर आहे आणि त्यांच्या धैर्याला त्याने अधिकच वजन येते. पण ज्या हत्याराने लँड लीग जिंकली ते महाराष्ट्राला ठाऊक नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. धामारीच्याच शिरूर तालुक्यात, कर्डे गावात, १८७४ च्या अखेरीस गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता. त्यांची शेते कोणी कसायची नाहीत, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही. मेयोतल्या घटनेच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. त्यातूनच पुढे १८७५ मध्ये सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून संरक्षण देणारा कायदा केला. फडक्यांच्या बंडाची धास्तीही त्या कायद्यामागे होती, असे कोणी म्हणेल. ती असेलच. तरी कायद्याचा मजकूर पाहिला तर तो कर्जखते, व्याज आणि जमिनीची जप्ती याबद्दल बोलतो. हे प्रश्न कर्डे आणि सुप्याच्या शेतकऱ्यांनी पुढे आणले होते.

दुसरा आक्षेप आयर्लंडच्या बाजूने येतो. आयर्लंडचे स्वातंत्र्य शेवटी १९१६ च्या उठावातून आणि १९१९ ते १९२१ च्या सशस्त्र लढ्यातून आले, सभांतून आले नाही. हे नाकारायचे कारण नाही. शिवाय लँड लीगच्या काळातही गोठे पेटले, मुखत्यारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, १८८२ मध्ये डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झाला. पण १९२१ च्या करारापर्यंत जमिनीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला होता, म्हणून नव्या राष्ट्राला तो पुन्हा रक्त सांडून सोडवावा लागला नाही. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेकडच्या सहा परगण्यांत हक्कांचा निवाडा झाला नाही, तिथे काय झाले ते पाहा. १९६८ च्या जूनमध्ये टायरोन परगण्यातल्या कॅलेडन गावी एक सरकारी घर गरजू कॅथलिक कुटुंबांना डावलून एका अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला दिले गेले. त्याविरुद्ध एका स्थानिक आमदाराने ते घर काही तास ताब्यात घेतले. नागरी हक्कांची चळवळ त्यानंतर रस्त्यावर आली. पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली, आणि १० एप्रिल १९९८ च्या करारापर्यंत ते थांबले नाही. एका घराच्या वाटपामुळे एवढे घडले असे मी म्हणत नाही. माणूस कशासाठी उठतो, हे मात्र तिथे स्पष्ट दिसते.

आयरिश माणूस म्हणजे आपला जन्मजात मित्र, असाही समज आपल्याकडे आहे. आल्फ्रेड वेब हे आयरिश खासदार १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे खरे. पण जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले मायकेल ओड्वायर टिपरेरीचे होते, आणि हिंदुस्थान ताब्यात ठेवणाऱ्या फौजेत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यामुळे ही तुलना रक्ताच्या किंवा मनाच्या नात्यावर उभी करता येत नाही. खंड, कूळ, मुखत्यार आणि बेदखली ही व्यवस्था दोन्हीकडे होती, तेवढाच तिचा आधार आहे, आणि तो भक्कम आहे.

कसणाऱ्यांच्या एकत्रित नकाराचे बळ कुलाबा जिल्ह्याने पुढच्या पिढीत स्वतःच सिद्ध केले. पनवेल तोवर याच जिल्ह्यात आले होते. खोत, इनामदार आणि सावकार यांच्या जमिनी कसणारी आगरी, कोळी, कुणबी कुळे पिकाचा मोठा वाटा खंडात देत, वरून वेठ करत. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सभा भरली आणि कुळांनी ठरवले की जमीन कसायचीच नाही. २५ गावे या संपात उतरली. एकदोन हंगाम नव्हे, सहा वर्षे भातशेते ओस राहिली. जंगलातली लाकूडफाटी विकून, मासे धरून, मिळेल ती मजुरी करून घरे चालवली गेली. पिकवणाऱ्यानेच पिकवायचे थांबवावे, यापेक्षा कठीण निर्णय शेतकऱ्याला कोणता असेल? डॉ. बाबासाहेब आंबेडकर संपाच्या मागे उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९३९ मध्ये संप संपला आणि त्याच वर्षीच्या कायद्यात संरक्षित कुळाची तरतूद आली. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या त्याच्या पुढच्या पायऱ्या. चरीच्या कुळांना मेयोची माहिती असण्याची गरज नव्हती. त्यांना स्वतःची परिस्थिती पुरेशी कळत होती.

आणि पनवेल, उरणची गोष्ट तिथेच संपली नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. कूळकायद्याने ज्यांची नावे नुकती सातबाऱ्यावर आली होती, त्यांच्याच जमिनी यात होत्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला न्हावा-शेवा बंदराच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण हुतात्मा झाले. जासईचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते होते. ते शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे ज्या मातीत चरीचा संप झाला तिथेच रुजलेल्या पक्षाचे. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जमीन जाणार हे गृहीत धरून त्यातला वाटा मिळवणे, एवढाच हा विजय होता. तरी भूसंपादनाच्या जुन्या पद्धतीपुढे तो मोठा होता.

या सगळ्या युक्तिवादातली एक कच्ची बाजू मला सर्वांत जास्त सलते. जमिनीच्या हक्काची लढाई ज्याचे नाव कागदावर येऊ शकते, त्याची असते. आयर्लंडमध्ये १८४५ पूर्वी शेतकरी कुळांच्या खाली शेतमजूर आणि झोपडीपुरती जमीन राखणारे लाखो लोक होते. दुष्काळाने सर्वांत जास्त बळी त्यांचेच घेतले. १८८१ आणि १९०३ च्या कायद्यांचा लाभ मिळाला तो मागे उरलेल्या कुळांना. मजुरांच्या वाट्याला फारसे काही आले नाही, आणि त्यातले पुष्कळ जहाजात बसून निघून गेले. पनवेल, कर्जत, पेणच्या वाड्यांवरचे कातकरी तसेच आहेत. चरीच्या संपात खंडाचा प्रश्न होता, आणि कातकऱ्याकडे खंडाने घ्यायलाही जमीन नव्हती. सिडकोच्या संपादनात सातबारा असलेल्याला भूखंड मिळाला. मिठागरावर, खाडीवर, दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला तो हक्क सांगता आला नाही. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे आजही उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. जिथे वर्षानुवर्षे त्यांच्या झोपड्या आहेत त्या वाड्यांची जागा अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करण्याची सोय झाली आहे. गावठाणालगतच्या खासगी जमिनीवरच्या वाडीला मात्र तो लागू होत नाही. तिथे जागेचा मालक म्हणेल तेव्हा उठावे लागते.